मोठ्या बाईंची सही

हॉल खचाखच भरला होता. खुर्च्या संपल्या तशी माणसं भिंतीला टेकली, भिंती संपल्या तशी एकमेकांना. स्टेजवर नादबाबा. त्यांच्यापुढे चांदीचं खोलगट तबक, त्यावर पांढरं वस्त्र, आणि वस्त्रावर मोठ्या बाईंचा फोटो. बाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती, पण घराघरातून त्यांचं गाणं काही गेलं नव्हतं.

बाबांनी फोटो उलटसुलट करून दाखवला. कुठेही सही नव्हती.

"आवाज मरतो का?" त्यांनी माइकमधून विचारलं.

"नाही!" हॉल गरजला.

"मग हात कसा मरेल? ज्या हातानं बाईंनी ताल धरला तो हात नादातच आहे. आपण नुसता कागद धरायचा. आम्ही कोण? आम्ही तर पोस्टमन!"

हशा झाला, टाळ्या झाल्या. बाईंची रेकॉर्ड सुरू झाली. बाबांनी फोटो पुन्हा तबकातल्या वस्त्रावर ठेवला, डोळे मिटले. कडवं संपता संपता फोटोच्या कोपऱ्यात निळी रेघ उमटली. आधी केसाएवढी, मग बोटाएवढी, आणि शेवटी बाईंची ती शेपटीवाली सही, अख्खीच्या अख्खी. बायका रडू लागल्या. पुरुष चष्मे पुसू लागले.

पहिल्या रांगेत सहीवाले बसले होते. त्यांचं खरं नाव त्यांच्या सासरच्यांनाही आठवत नसे. हयात गेली थिएटरच्या तिकीटखिडकीत. मध्यंतर झालं की खिडकी बंद करून हा गडी फोटो आणि पेन घेऊन थेट रंगपटात. गवई, बासरीवाले, बँडवाले, सिनेमाचे गायक, कुणी सुटलं नाही. घराच्या भिंतीला रंग द्यायची गरजच उरली नव्हती. फक्त मधोमध एक चौकट रिकामी होती. मोठ्या बाईंनी एकदा पेन हातात घेतलं होतं, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "गाडी आली!" बाई हसून म्हणाल्या, "पुढच्या वेळी हं." पुढची वेळ आली नाही.

पण ते त्या दिवशी हॉलमध्ये बसले होते ते त्या चौकटीसाठी नव्हे. निदान एकट्या चौकटीसाठी नव्हे. त्यांची बायको मुलांना गाणं शिकवायची. त्यांच्या घरी संध्याकाळी पोरं कोरसात म्हणत,

गळ्यातलं पाखरू गं, कुणी नाही पाहिलं,
उडून गेल्यावर कळे, घर रितं राहिलं.

त्या पाखराला काही दिवसांपासून खरखर लागली होती. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि म्हणाले, "स्वरतंतूवर गाठ आहे. चांगली नाही. पण लवकर आलात. किरणांचे उपचार देऊ, बाई वाचतील आणि आवाजही वाचेल. फक्त थांबू नका."

थांबायचं नव्हतंच. पण त्याच आठवड्यात नादबाबा शहरात आले.

"किरण?" बाबा डोळे विस्फारून म्हणाले. "सुराला जाळणार? सूर एकदा उडाला की झाड तोडलं तरी परत येत नाही हो! बाईंची सही घरी न्या. सकाळ-संध्याकाळ गळ्याशी धरा. आणि सहीवाले, खरी सही हवी तर खोट्या सह्यांचा मोह सोडावा लागेल."

"खोट्या नाहीत त्या, बाबा. समोर उभं राहून घेतल्यात."

"देहाच्या सह्या त्या! देह खोटा, म्हणून सही खोटी. इथं अर्पण करा."

सहीवाल्यांनी निवडक फोटोंचे दोन अल्बम अर्पण केले. खोट्या सह्यांचा बाबांना एवढा सोस का, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

घरी रिकाम्या चौकटीत मोठ्या बाई आल्या. सहीवर उजेड पडू द्यायचा नाही, शाई उडते, हा सहीवाल्यांचा जन्माचा नियम. पण ही का साधी सही होती? भक्तिभावानं त्यांनी जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब आणला आणि काचेला अगदी चिकटवून लावला. दुसऱ्या सकाळी बघतात तर सही गायब.

धावत बाबांकडे गेले. बाबांनी मान हलवली. "घरात कुणीतरी शंका घेतंय. बाई रुसल्या."

"मीच," बायको घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मी दवाखान्याची तारीख धरून ठेवली होती ना. अहो, रद्द करा ती."

त्यांनी रद्द केली. सही काही आली नाही. गाठ मात्र मिळालेल्या वेळेत वाढत राहिली. हिवाळा सरून उन्हाळा लागला. बायकोचा आवाज कुजबुजीवर आला, आणि मुलं शिकायला यायची बंद झाली.

मग तिची धाकटी बहीण आली. शाळेत विज्ञान शिकवायची, बोलायला फटकळ. ताईनं कुजबुजत सांगितलेली हकीकत ऐकून ती आधी रडली, मग भिंतीसमोर उभी राहिली. चौकटीच्या काचेला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"भावोजी, इथं पोळ्या भाजता का?"

"बाईंचा दिवा आहे तो."

"आणि सही उडाली ती दिवा लावल्यावर की आधी?"

"लावल्यावर," सहीवाले म्हणाले.

"आमच्या मुलींकडे पेनं असतात, घासलं की अक्षर पुसणारी. घासून नाही हो पुसत, घासल्याच्या उष्णतेनं शाईचा रंग जातो. एकीची वहीतली आकृती हीटरवर राहिली आणि कोरी झाली. एकदम गार केली, तर परत आली."

तिनं फोटो पिशवीत घालून फ्रीजरमध्ये सारला. मटार आणि बर्फाच्या मधे मोठ्या बाई. चहा झाल्यावर बाहेर काढला. सही हजर, शेपटीसकट.

सहीवाल्यांनी हात जोडले. "पावल्या! बाई पावल्या!"

"बाई नाही, फ्रीज पावला!" ती म्हणाली आणि तोच फोटो बल्बला टेकवला. सही विरली. पुन्हा फ्रीजर, पुन्हा सही. "आता आणखी एकदा बोलावू का बाईंना, का पुरे?"

सहीवाल्यांनी दिवा विझवला. आयुष्यभर प्रत्येक सही डोळ्यांत तेल घालून तपासणारा माणूस, आणि जिच्यावर बायकोचा गळा पणाला लावला ती एकच तपासली नव्हती.

बाबांच्या पुढच्या सभेला ते पहिल्या रांगेतून उठले आणि सरळ स्टेजवर चढले. सही नुकतीच उमटली होती. बाबांना वाटलं, भक्त पाया पडायला आला. सहीवाल्यांनी फोटो तबकाबाहेर ठेवला, बाबांचाच वाफाळता चहाचा कप उचलला आणि सहीवर टेकवला. कप उचलला तेव्हा खाली कोरा कागद होता. मग त्यांनी तबकावरचं वस्त्र ओढलं. खाली पातळ पत्रा, आणि पत्र्याखाली बर्फाचा चुरा आणि मूठमूठ मीठ.

"बर्फात मीठ घातलं की तो नुसत्या बर्फाहून कितीतरी गार होतो," मेहुणी खालून ओरडली. "सही आधीच केलेली असते! इस्त्रीनं घालवायची, गारव्यानं आणायची!"

कुणी ओरडलं, "बाईंवर गरम कप ठेवतोस, लाज नाही वाटत?" कुणी सहीवाल्यांचा सदरा ओढला. एक म्हातारा रडवेल्या सुरात म्हणाला, "आमचं एवढंसं सुख होतं, तेही बघवलं नाही का रे तुम्हाला?"

त्या गोंधळात बाबा मागच्या दारानं गेले. अल्बम केव्हाच विकले गेले होते.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "आता किरणांनी भागणार नाही," ते म्हणाले. "स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल."

जीव वाचला.

सहीवाले आता बाईंचा तो फोटो खिशात घेऊन हिंडतात. जो थांबेल त्याच्यासमोर गरम कप टेकवून दाखवतात आणि म्हणतात, "बाबांनो, जे घरच्या फ्रीजमध्येही घडतं त्याच्यापुढे हात जोडू नका. जो म्हणेल शंका घेऊ नका, त्याच्यावरच आधी घ्या. आणि गळ्यात गाठ असेल तर हॉलमध्ये नको, दवाखान्यात जा. आजच जा. पाखरू कुणासाठी थांबत नाही." काही ऐकतात. काही म्हणतात, म्हातारा भ्रमिष्ट झाला.

भिंतीवरची चौकट पुन्हा रिकामी झाली होती. एका दुपारी त्यांनी बायकोचा जुना फोटो काढला, पेटीपुढे बसलेली, मुलं भोवती, तोंड गाण्यात उघडं. इतक्या वर्षांत हिची सही आपण कधी मागितलीच नाही. त्यांनी फोटो तिच्यापुढे ठेवला, पेन दिलं.

तिनं पेनाकडे पाहिलं. मग पाटी ओढून लिहिलं, "आधी पेन तपासलंत का?"

तिनं कागदाच्या कपट्यावर एक रेघ ओढली, तिच्यावर आपला गरम चहाचा कप ठेवला आणि शांतपणे वाट पाहिली. कप उचलला. रेघ होती तशी होती.

तेव्हा तिनं सही केली.