मांडवातले अंबाडीचे पाणी

दुर्पताने मडक्यातले लाल पाणी पळसाच्या द्रोणात ओतले, एक घोट जिभेवर धरला आणि मग गिळला. आंबटपणा बरोबर उतरला होता. रात्रभर भिजलेली अंबाडीची वाळकी बोंडे तिने फडक्यातून हलक्या हाताने गाळली होती. पिळली असती तर पाणी तुरट झाले असते. त्यात भाजलेले जिरे, सैंधव आणि ठेचलेला पुदिना, एवढेच. मडके ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरलेले असल्याने वैशाखातही पाणी दातांना लागत होते.

"थोडा गूळ टाक ना माय," मंगली म्हणाली. "पावने तोंड वाकडं करतीन."

"करू दे. गुळाचं पानी या उनात फसफसते. मंग शिपाई येऊन म्हनतीन, हा सडवा हाय. माह्या घरात गूळ नाई, मोहाचं फूलबी नाई."

सडवा म्हणजे दारू गाळण्यासाठी आंबवलेला मोह. याच आरोपाखाली या घरातला कर्ता माणूस गेला होता. जंगल सत्याग्रहाच्या आदल्या साली दुर्पताच्या नवऱ्याने, पतिरामाने, केशोरीच्या दारूदुकानाच्या ठेकेदाराशी, चुन्नीलालशी, वाकडे घेतले. चुन्नीलाल दारूत पाणी घालतो, लग्नाला त्याच्याकडून घेऊ नका, असे तो आसपासच्या टोल्यांत, वाड्यावस्त्यांत, सांगत फिरला. लवकरच आबकारीचे शिपाई आले आणि त्यांना पतिरामाच्या गोठ्यामागे सडव्याचा हंडा सापडला. तो हंडा चुन्नीलालच्या गाडीवानाने आणून ठेवला, हे टोल्यात सर्वांना ठाऊक होते. साक्ष द्यायला मात्र कोणी गेले नाही. शिपाई पतिरामाचे हात बांधत असताना चुन्नीलाल अंगणातल्या खाटेवर बसला आणि त्याने दुर्पताकडे प्यायला पाणी मागितले. पाण्याला नाही म्हणायची रीत नव्हती. तिने दिले. पतिराम तुरुंगात तापाने गेला.

चुन्नीलाल मरावा असे दुर्पताला वाटत नव्हते. मेलेला माणूस काही पाहत नाही. त्याची गाडी मांडवातून भरलेलीच परत जावी, आणि ती जाताना त्याने आपल्या डोळ्यांनी पाहावी, हे तिला हवे होते. लग्नात घरच्या मेलेल्या माणसांच्या नावाने मातीवर दारूचा शितोडा द्यायचा आणि मगच पाहुण्यांनी प्यायची, ही टोल्याची चाल. घरी गाळणे गुन्हा. म्हणून प्रत्येक लग्न चुन्नीलालच्या दारात जाई आणि त्याचे दुकान त्यावरच उभे होते. टोप्या घातलेले कार्यकर्ते दारू वाईट म्हणून सांगून गेले होते. त्या उपदेशाशी दुर्पताला कर्तव्य नव्हते. तिचे वैर दारूशी नव्हते, दुकानाशी होते.

"अन् माहं लगन मोडलं तं?" मंगलीने विचारले.

"कायले मोडन? बकारामबाबाले इचारलं मी. घरचं असन ते चालते म्हनते."

बकाराम हा टोल्याचा भूमक, म्हणजे देवाधर्माचे पाहणारा म्हातारा. त्याने तसे सांगितले होते खरे. पण नवऱ्या मुलाच्या बापाला, झाडूला, ते चालेल की नाही, हे सांगितले नव्हते. दुर्पतानेही विचारले नव्हते.

वरात भर दुपारी आली. झाडूच्या मानेवरून घाम वाहत होता. खाटेवर टेकताच त्याने हातात आलेल्या द्रोणात पाहिले आणि विहिणीला विचारले,

"हे काय वं इवाईन? रगत हाय का?"

"अंबाडीचं पानी हाय. पेऊन तं पाहा."

झाडू प्याला. त्याचे डोळे आंबटपणाने मिटले आणि उघडले.

"पोरगी देऊन रायलीस का जुलाब?" तो म्हणाला. मांडवातले बाप्ये हसले. हसता हसता त्यांचेही द्रोण रिकामे झाले. झाडूने आपला द्रोण पुन्हा पुढे केला. "तहान तं जाते बाप्पा. पन मंगच्याले काय हाय?"

"हेच."

"हेच?" त्याने आपल्या माणसांकडे पाहिले. "मी वीस कोसावरून लोक आनले, इवाईन. आंबट पान्यानं लगन लागते का? घरी गेल्यावर काय तोंड दाखवू?"

तेवढ्यात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. चुन्नीलालची गाडी मांडवाच्या तोंडाशी थांबली. गाडीत दारूची पिंपे होती. चुन्नीलाल धोतर सावरत उतरला आणि हात जोडून हसला.

"अरे भाई, लगन हाय आन् मले बोलावनं नाई? पतिराम माझा दोस्त होता. मंगली मला पोटच्या पोरीसारखी. आज दाम-बीम काही नाही. पिऊन घ्या जी भरके."

मांडवातल्या माना गाडीकडे वळल्या. दुर्पताला त्याचा डाव कळला. या एका मांडवात त्याची दारू चालली नाही, तर पुढच्या मांडवातही चालणार नाही. म्हणून तो फुकट द्यायला आला होता. ती नाही म्हणाली तर झाडू उठेल, मुलगी हळदीच्या अंगाने घरात राहील. हो म्हणाली, तर पतिरामाच्या अंगणात तोच माणूस दुसऱ्यांदा जिंकेल.

"इवाईन," झाडू हळू म्हणाला, "घरी आलेलं हाय. मान राख ना आता."

मंगली दारातून आईकडे पाहत होती.

"आना," दुर्पता म्हणाली. "मधात ठेवा. पन ज्यानं आनली त्यानंच शितोडा द्याचा. बकारामबाबा, चाल अशीच हाय ना?"

बकारामने मान हलवली. "आननाऱ्यानं घरच्या मेलेल्याचं नाव घ्याचं. म्हनाचं, तुहं माहं काई रायलं नाई. रायलं असन तं रायलं म्हनाचं, अन् ते फेडल्यावर मंगच पेयाचं."

चुन्नीलालने आयुष्यभर ही दारू विकली होती. शितोडा मात्र नेहमी घेणाऱ्यांनी दिला होता. त्याला त्यात अडचण दिसली नाही. चार शब्द बोलायचे, एवढेच. त्याने द्रोण भरला, मांडवाच्या मुख्य खांबापाशी गेला आणि दारूची धार मातीवर सोडली.

"पतिराम भाऊ," तो मोठ्याने, हसऱ्या चेहऱ्याने म्हणाला, "तुहं माहं काही राहिलं नाही."

भरलेले द्रोण काही जणांच्या हातात पोहोचले होते. ते तिथेच थांबले. तो अडखळला असता, नुसती मान खाली घातली असती, तरी कदाचित निभावले असते. पण मेलेल्याच्या तोंडावर तो इतक्या सहज खोटे बोलला होता. त्या दारूतला एक घोटही आता त्या खोट्यात सामील होणारा होता.

"हंडा कोनं ठेवला होता गा?" झाडूने विचारले. त्याचा आवाज शांत होता.

"कोणता हंडा?"

"ह्याच घराच्या गोठ्यामागचा. आमच्या गावालेबी माहीत हाय."

"अरे, वो पुरानी बात है भाई. सरकारने पकडा, मैं क्या..."

"मंग 'रायलं' म्हनाचं होतं ना."

झाडूने आपला द्रोण उलटा केला. त्याच्या माणसांनी एकामागून एक तसेच केले. मातीवर दारूचे ओले डाग पडले आणि वास उठला. चुन्नीलालने हातातला द्रोण खाली ठेवला. त्याने दुर्पताकडे पाहिले. तिने नजर हटवली नाही.

"जावा आता," ती म्हणाली. "भरलेलीच न्या."

पिंपे पुन्हा गाडीत चढली आणि गाडी वळली. दुर्पता मांडवाच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि ती जाताना शेवटपर्यंत पाहत राहिली. जे मागितले होते ते मिळाले होते. तरी हिशेब मिटल्यासारखा वाटत नव्हता.

"बाबाच्या नावानं खोटं बोलाले लावलंस त्याले," मंगली जवळ येऊन म्हणाली. "माह्या मांडवात."

"हो."

"मले इचारलं बी नाई."

"नाई इचारलं," दुर्पता म्हणाली.

बकारामने लाल पाण्याचा द्रोण भरून तिच्यापुढे धरला. "आता तू दे शितोडा, बाई. पानी तुह्या घरचं हाय."

दुर्पताने द्रोण घेतला. शब्द तोंडाशी आले. पतिरामाच्या चितेला तिचा हात लागला नव्हता. त्याचे हात बांधले जाताना ती चुन्नीलालसाठी तांब्या भरत होती. तुझे माझे काही राहिले नाही, असे ती म्हणाली असती, तर तेही चुन्नीलालच्या शब्दांइतकेच खोटे ठरले असते. आणि राहिले म्हणाली असती, तर लग्न थांबले असते.

"इवाईन, पोरं उनात उभे हायत," झाडू म्हणाला.

तिने द्रोण मंगलीच्या हातात दिला. "तू दे. तुहं त्याचं काई रायलं नाई."

मंगलीने आईकडे क्षणभर पाहिले. मग बापाचे नाव घेऊन तिने लाल पाण्याची धार मातीवर सोडली आणि शब्द स्पष्ट उच्चारले. झाडूने पहिला घोट घेतला. आंबटाने पुन्हा त्याचे डोळे मिटले, पण या वेळी तो काही बोलला नाही.

ढोल सुरू झाला. मडक्यांपाशी पलीकडच्या टोल्यातली एक बाई वाकून द्रोण भरत होती. तिच्या मुलाचे लग्न पुढच्या आठवड्यात होते. दुर्पता तिच्या शेजारी बसली.

"तुमच्या मांडवाले अंबाडी मी देतो," ती म्हणाली. "मडकी तेवढी आजच वाळूत पुरून ठेवजो."