मधलं घड्याळ

जागृतीनं डबी उघडली, आतलं घड्याळ उजेडाकडं धरून पाहिलं आणि परत डबीत ठेवून दिलं.

"हे कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? आईचं." अल्पेश हसला. "ओळखू येत नाय ना, ताई? तीच तर मजा आहे."

उद्या आईचं, बायजाचं वर्षश्राद्ध होतं. जागृती म्हसळ्याहून पहाटेच निघाली होती. दिघीला फेरीबोट, आगरदांड्याहून पुढं एसटी, आणि चौलच्या अलीकडच्या फाट्यापासून खाडीकाठच्या या घरापर्यंत पायी. तिनं अजून पायही धुतले नव्हते, पण धाकट्या भावाला दम कुठला. ओटीवर बाप, विठोबा, भिंतीला टेकून बसला होता. त्यानं डबीकडं एकदा पाहिलं होतं आणि नंतर अंगणाकडं तोंड फिरवलं होतं.

"तबकडी कुठाय?" जागृतीनं विचारलं.

"बदलली. पार पिवळी पडली होती. दुकानदार म्हणाला, नवी टाकतो, आरशासारखी. काटे नवे, काच नवी, काचेभोवतीची फिरती कडी नवी. पट्टा पॉलिश. बघ ना, एक ओरखडा सापडतो का."

एकही सापडत नव्हता. तेच तर दुःख होतं. आईनं वीस-बावीस वर्षं मिठागराच्या दगडांवर, बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, उघाडीच्या, फळीवर घासून केलेला एकूण एक ओरखडा त्या माणसानं पुसून काढला होता आणि वर मखमलीची डबी दिली होती.

"तुला मी फोनवर काय सांगितलं होतं?"

"सांभाळ म्हणालीस. सांभाळलं."

जागृतीला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. तो चाळिशीला आला होता, दारात त्याचे तीन डंपर उभे होते, नाहीतर दिलीही असती.

ती शिकवत होती त्या शाळेत जुन्या घड्याळांचं वेड असलेले एक मास्तर होते. आईच्या घड्याळाचा फोटो बघून ते खुर्चीतून उठलेच. या कंपनीचं पाणबुड्यांचं घड्याळ आधी प्लास्टिकच्या काचेचं, रंगवलेल्या मंद तबकडीचं असे, म्हणाले. पुढं कठीण काच आली, चकचकीत तबकडी आली, ठिपक्यांना सोन्याची किनार आली. या दोन्हींच्या मधे थोडी वर्षं कंपनीनं नव्या अंगावर जुनी तबकडी बसवून घड्याळं काढली. जुन्याचे शौकीन त्याला नवं म्हणून नाकं मुरडत, नव्याचे शौकीन जुनं म्हणून. त्रिशंकूच ते. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, आणि आता लोक शोधत फिरतायत. फक्त तबकडी मूळची हवी, बाई. ती बदलली तर मग काही उरत नाही.

जागृतीला त्या शोधत फिरणाऱ्यांशी घेणंदेणं नव्हतं. पण आपल्या आईच्या मनगटावर जे होतं ते जगात थोडंच होतं, हे ऐकून ती त्या दिवशी वर्गात उगीचच हसत होती. म्हणून फोन केला होता. आणि हा शहाणा ऐकून काय शिकला, तर घासूनपुसून नवं करायचं.

घराची रीतच तशी होती, हेही तिला ठाऊक होतं. पाऊस सरला की आगराचा चिखल खरवडायचा, बांध लिंपायचे, फळ्यांना तेल, होडीला डांबर. या घरात सांभाळणं म्हणजे खरवडणंच. तरी तिचा राग उतरत नव्हता.

घड्याळ घेतलं तेव्हा विठोबा बोटीवर खलाशी होता. सिंगापूरला त्याला साहेबाच्या हातात होतं तसलं जुनं हवं होतं. ते संपलं होतं, नवं परवडत नव्हतं, म्हणून हे मधलं घेऊन आला. सुट्टी संपल्यावर जाताना बायकोच्या हातावर बांधून गेला. बोटीवर भिंतीला घड्याळं असतात, म्हणाला, आगरात न्हाय.

बायजाला आकडे वाचता येत नव्हते. तिला वाचायचे नव्हतेच. घड्याळाच्या कडीवर एक त्रिकोण होता आणि त्यात अंधारात उजळणारा ठिपका. त्याला ती दिवा म्हणायची. भरती जेव्हा पुरी होणार त्या वेळेच्या जागी दिवा आणून ठेवायचा. लहान काटा दिव्याखाली आला की पाणी भरलं, उघाडीची फळी पाडायची, म्हणजे आत आलेलं पाणी आगरात राहतं. दुसऱ्या दिवशी भरती उशिरा, म्हणजे दिवा थोडा पुढं. पण ती कडी उलटीच फिरायची. थोडं पुढं न्यायचं तर अख्खा फेरा मागं जावं लागे. रोज सकाळी ओटीवर तो फेरा कटकट कटकट वाजायचा आणि त्या आवाजानं पोरं जागी व्हायची.

"जुनी तबकडी त्या दुकानदाराकडं आहे?" जागृतीनं विचारलं. "मी जाते आणायला. आत्ता जाते."

"नाय. त्यानं पुडीत घालून दिली सगळी. तबकडी, काटे, कडी."

"मग आण ती पुडी."

अल्पेशनं पॅन्टला हात पुसले.

"ती सोडली मी. खाडीत."

"काय?"

"आईच्या अंगावरची वस्तू, ताई. कचऱ्यात टाकू? हळदकुंकू वाहिलं, तगरीची फुलं घातली, शेजारच्या चंदरची होडी घेतली आणि तिची राख सोडली तिथंच सोडली. पाया पडलो. माझं काय चुकलं ते तरी सांग."

जागृती आणखीच चिडली. चूक नुसती चूक असती तर बरं झालं असतं. हा गाढव पाया पडून आला होता.

"कंच्या पाण्याला?"

दोघांनी वळून पाहिलं. विठोबानं मान फिरवली होती.

"काय, बाबा?"

"भरतीला सोडलीस का ओहोटीला?"

"मी... दुपारी गेलो होतो. डंपर खाली झाल्यावर."

"दुपार न्हाय इचारली मी." विठोबाचा आवाज चढला नाही. "आगऱ्याचा पोर तू. पानी चढत व्हतं का उतरत?"

अल्पेशनं डोळे मिटून आठवून पाहिलं.

"फुलं आत येत होती. पुलाकडं. आपल्या बाजूला."

"म्हंजे भरती." विठोबानं मान हलवली. "राख आपन ओहोटीला सोडली. तिला जायाचं व्हतं. भरतीला सोडल्यालं जात न्हाय. आगरात येतं."

जागृतीच्या ओठावर आलं होतं की फुलं वाहतात, बाबा, पत्र्याची चकती तळाला बसते.

"घरला आली आसंल तुजी आय," विठोबा म्हणाला. "दार कुटंय?"

कुणीच समोर पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही नव्हतंही. आई गेली त्याच हिवाळ्यात अल्पेशनं स्वतःच्या डंपरनं आगर भरून काढलं होतं. घरापासून खाडीपर्यंत तांबड्या मुरमाचं सपाट मैदान होतं आणि त्यावर ट्रकच्या चाकांचे पट्टे. बांध खाली, फळी खाली, उघाडीही खालीच कुठंतरी. बाबांनी सही केली होती, असं अल्पेश सगळ्यांना सांगत असे. आज तो ते बोलला नाही.

विठोबानं डबीतलं घड्याळ काढलं. नव्या कडीवर अंगठा ठेवला आणि दिवा आजच्या भरतीच्या जागी आणायला उलटा फेरा घ्यायला लागला. कटकट कटकट. अंग जुनंच होतं, त्यामुळं आवाज तोच आला.

"हात दे," विठोबा म्हणाला.

अल्पेशनं हात पुढं केला. बापानं घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं.

"काटा दिव्याखाली आला का उघाडी पाड."

"बाबा, उघाडी..."

"जा."

अल्पेश अंगणात उतरला. चप्पल न घालताच मुरमावर गेला आणि मधोमध उकिडवा बसला. एकदा फोन वाजला, तो त्यानं बंद केला. जागृतीनं पाय धुतले, भात टाकला, बाबांना वाढलं. भावाला हाक मारायला ती दोनदा दारापर्यंत आली आणि दोन्ही वेळा तशीच परत गेली. बसू दे. उन्हात बसू दे.

खाडीचा वास वाढला, पाणी पुलाखाली काठोकाठ आलं. अल्पेश मनगटाकडं बघत उठला. चार पावलं खाडीकडं गेला, थांबला. मग उजवीकडं गेला, पायानं मुरूम उकरला, इकडंतिकडं पाहिलं. परत आला. आता तो सरळ पुढं जाऊन उभा होता आणि तिथंही उघाडी नसावी असं त्याला वाटत असावं, कारण तो खाली बघून तिथल्या तिथं फिरत होता.

"डावीकडं," विठोबा ओटीवरून म्हणाला. "आनी डावीकडं."

ते अल्पेशला ऐकू जाईल इतकं मोठ्यानं नव्हतं. जागृतीनं ऐकलं. हातातलं भांडं खाली ठेवून ती अंगणात उतरली.