भिंतीत चिणलेली सावली

आमच्या गावच्या चर्चची उत्तरेकडची भिंत दोनदा कोसळली. गवंडी माझा नवरा, स्पिरिदोन. आता भिंतीला माणसाची सावली द्यायची, असं गावानं ठरवलं. उन्हात उभ्या माणसाची सावली दोरीनं मापायची आणि दोरी भिंतीत चिणायची. भिंत टिकते, माणूस मात्र चाळीस दिवसांत जातो.

झालं! उन्हाचं तिकडे कोणी फिरकेना. गुत्तेवाला कोस्ताके तर छत्री घेऊन हिंडायला लागला. म्हणे, छत्रीची सावली घ्या!

तेवढ्यात माझी आई साफ्ता पुढे सरसावली. "माझी घ्या. नाहीतरी गुडघे गेलेतच. दर रविवारी प्रार्थनेत नाव तरी निघेल."

"आई, वेड लागलंय का तुला?" मी ओरडले. "आणि स्पिरिदोन, दोरीला हात तर लावून बघ!"

कोण ऐकतंय? आई नवं पोलकं घालून नवरीसारखी उन्हात उभी राहिली. त्यानं दोरी ताणली, खिशात घातली आणि दुसऱ्या दिवशी चिणून मोकळा झाला. मी त्याच्याशी बोलणंच टाकलं. मक्याच्या लापशीची थाळी त्याच्यापुढे आदळायची आणि निघून जायची.

आईनं गाय आपल्या बहिणीला दिली, रजई शेजारीण वेताला. जिवंतपणीच स्वतःचं तेराव्याचं जेवण घातलं. मी रडत रडत कोबीच्या पानात खिमा गुंडाळत होते, आणि ही बाई कोण किती रडतंय ते बघत होती. "वेताच्या डोळ्यांत टिपूस नाही. खाल्लं मात्र चौघींचं!"

चाळिसाव्या दिवशी ती हातात मेणबत्ती धरून आडवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणते, "इलिंका, खायला काही आहे का गं?"

मी तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडले. ती मात्र भडकली. "माझी गाय गेली की! जावईबापू, चिणलंत तरी काय तुम्ही?"

स्पिरिदोन टोपी चुरगाळत म्हणाला, "आपल्या बकरीची सावली. खिशात दोन दोऱ्या होत्या. तुमची चिणायला हात धजेना."

बकरी अंगणात त्याचीच दुसरी टोपी चघळत होती. चांगली धडधाकट.

"मग ही बकरी कशी मेली नाही? आणि भिंत कशावर उभी आहे?" आईनं विचारलं.

"चुन्यावर. या वेळी नीट भिजू दिला. आधी गाव घाई करत होतं."

"मेल्या, मला का नाही सांगितलंस?" मी किंचाळले.

"तू रडली नसतीस, तर गावाला खरं वाटलं असतं का?"

मी त्याच्या थाळीत साय वाढली. चांगली दोन पळ्या.

गावाला आम्ही काही सांगितलं नाही. साफ्ता इतकी पुण्यवान, की मरणानंही तिला हात लावला नाही, असं लोक म्हणतात. दर रविवारी पाद्रीबाबा तिचं नाव घेतात आणि वेणीसारखा विणलेला पाव तिच्या हातात ठेवतात. आई मान खाली घालून तो घेते, घरी येते, आणि तडक गोठ्यात जाऊन अर्धा मोडते.

"खा बाई," ती बकरीला म्हणते. "तुझाच आहे."