कात्रीमुळे बदललेला तक्ता

माझी नात पीएचडी करते. विषय काय, तर जातींचा अभ्यास करणाऱ्या पंडितांचाच अभ्यास! कोण कधी आलं, काय विचारलं, काय लिहून नेलं. म्हटलं, शेराला सव्वाशेर.

सोमवारी प्रबंध द्यायचा आणि शुक्रवारी ही डोकं धरून बसलेली.

"आजी, अख्खं प्रकरण जाणार. सर म्हणतात, या तक्त्याचं कारण सांग, नाहीतर काढून टाक."

तिने जाडजूड पुस्तक पुढे केलं. नकाशा बघितला आणि ओळखलंच मी. आमच्याच कामगारांच्या खोल्या! पन्नास वर्षांपूर्वी एक वहीवाली बाई, कोण कोणाच्या हातचं पाणी पितं, ते दारोदार विचारून गेली होती. त्यावरून कोणती जात वर, कोणती खाली, ते ठरवायचं. हे तिचंच पुस्तक. पहिल्या तक्त्यात आमची जात एका जातीचं पाणी पीत नाही. आठ महिन्यांनंतरच्या तक्त्यात पिते. खाली लिहिलंय, कारखान्यामुळे बंधनं सैल झाली. पुढच्या चार पंडितांनी तेच उचललं.

मला हसू आवरेना. "अगं, कारखाना कसला! कात्री!"

"आजी, आता थापा नकोत हं."

तिचंही बरोबरच. मगरीच्या पाठीवर बसून मी शाळेत जायचे, हे तिने पाचवीपर्यंत खरं मानलं होतं.

"ऐक तरी. शिलाईच्या कारखान्यात मी शर्ट जोडायचे, शेजारची काजवाली काजं करायची. लोक तिची जात आमच्याखाली धरायचे, पण मी तिच्याच माठातलं पाणी प्यायचे. मग माझी कात्री हरवली. मी तिच्यावर आळ घेतला, आमचा अबोला. नेमकी तेव्हाच वहीवाली उगवली. 'हिच्या हातचं पाणी पिता?' मी म्हटलं, मेले तरी नाही! तिने तेच अख्ख्या जातीच्या रकान्यात भरलं आणि गेली. आठ महिन्यांनी परत आली, तेव्हा आमचं जमलं होतं. म्हटलं, पिते की!"

"तुमच्या जातीच्या बाकीच्यांना नाही विचारलं?"

"होतं कोण? आमची म्हणून मीच एकटी."

नातीने पेन उचललं, परत ठेवलं. मग म्हणाली, "पण पुरावा? तुझ्या शब्दावर सर कसे विश्वास ठेवतील? मीच ठेवत नाही."

काजवाली आता लेकाकडे असते. शनिवारी तिथे गेलो. विसरली असेल तर? नातीने मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं आणि कात्रीचं नावही न काढता विचारलं, "आजीने तुमच्या हातचं पाणी कधी सोडलं होतं का?"

"सोडलं होतं तर! दोन महिने ही भवानी माझ्या दाराशी फिरकली नाही. कात्रीसाठी! आणि कात्री सापडली कुठे? हिच्याच मशीनच्या खणात!"

सुटले बाई! शिव्या खाऊन इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"आणि तुम्हाला त्या बाईंनी काय विचारलं?"

"मला? माझ्या दारावरून पुढे गेली. मुकादमाने माझा पेला वेगळा ठेवला होता, तो दाखवला असता की तिला."

तो पेला मी रोज बघायचे. मीही कधी विचारलं नव्हतं. मान खाली घातली.

"आता गप्प का गं?" काजवालीने मला कोपरानं ढोसलं. "पाणी पिणार का, की अजून अबोला?"

दोन पेले प्यायले.

नातीने रात्रभर लिहिलं. रविवारी सरांचा फोन आला. "प्रकरण राहू दे. हाच त्याचा जीव आहे. पण आधी काजवालीबाईंचं म्हणणं, मग आजींचं." नातीने मला अशी करकचून मिठी मारली की चष्मा वाकला.

काजवालीला कळवलं, तर म्हणते, "पहिलं माझं ना? मग छापा!"