जांभळं हेल्मेट

मी एक हेल्मेट बोलतंय. सैनिकाचं, पण जांभळ्या रंगाचं. हसलात ना? हसा. मला बघून लोक हसतात, त्याने माझ्या अंगाला अजून भोकं पडलेली नाहीत.

माझा जन्म स्टुडिओच्या मागच्या शेडमधला. रद्दीचा लगदा आणि खळ, एवढंच माझं कूळ. सिनेमा मुका होता, युद्धाचा. पहिल्या चाचणीत सगळी खाकी हेल्मेटं पडद्यावर काळीठिक्कर दिसली, कारण त्या काळच्या फिल्मला पिवळे-तांबडे रंग नीट दिसतच नसत. नायक गर्दीत हरवला आणि दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसला. मग रंगाऱ्याने नायकासाठी मला नव्याने घडवलं आणि थेट फिकट जांभळं रंगवलं.

नायक वैतागला. "हे घालून मी मरू?"

"मरा बिनधास्त," रंगारी म्हणाला. "पडद्यावर पोलादाचं दिसेल."

आणि दिसलंच. मी त्याच्या डोक्यावर खंदकात लोळलं, मेलं, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा मेलं.

पुढे सिनेमे बोलायला लागले आणि आमची रवानगी माळ्यावर झाली. तिथून चार घरं फिरून मी आजोबांकडे आलं. हे आजोबा म्हणजे निवृत्त चष्मेवाले. मुक्या युद्धपटांचं जे मिळेल ते जमवायचं हे त्यांचं वेड. पोस्टरं, लाकडी बंदुका, पत्र्याचे बिगूल. घरात पाय ठेवायला जागा नाही. आजी म्हणते, "एक दिवस मलाही काचेच्या कपाटात उभं करतील."

मग त्यांच्या संग्रहाचं प्रदर्शन ठरलं. दुसरा एक संग्राहक, त्यांचा मित्र, मला उलटंपालटं करत म्हणाला, "हे काय, सर्कशीतलं उचललंस? कुणीतरी पोरखेळ केलाय. खरवड, खाली खाकी निघेल."

आजोबांना ते पटलं! माझा खरा राग इथेच आहे. या माणसाने माझा सिनेमा कितीदा पाहिला असेल. पडद्यावर सगळं राखाडी, आणि खाकी रंग यांनी आपल्याच मनाने भरलेला. त्या खाकीपायी ते पॉलिश पेपर घेऊन माझ्या कानाजवळ घासायला बसले. माझा रंग भुकटी होऊन त्यांच्या मांडीवर पडत होता आणि मला हूं की चूं करता येत नव्हतं.

"अहो, पुरे," आजी म्हणाली. "खाकी कुठंय? नुसता कागद लागलाय."

आजोबांनी भिंग लावलं. जांभळ्याखाली लगदा, मधे काही नाही. त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, हाच मूळ रंग. मी अस्सल तेच खरवडून टाकत बसलो होतो."

"मग लावा थोडा जांभळा. दिसणारही नाही."

"नको. दिसू दे."

प्रदर्शनात त्यांनी मला मधोमध ठेवलं. कुणी हसलं की ते माझ्या खरवडलेल्या जागेवर बोट ठेवतात आणि सांगतात, "ही माझी करामत." तरी मी त्यांना माफ केलेलं नाही. वेडाने जपणाराच आधी घासायला घेतो, हे मी आता ओळखून आहे. माझ्यात खाकी शोधू नका, मला सुधारू नका. या, बघा, पोट दुखेपर्यंत हसा. फक्त हात खिशात ठेवा.