घुंगुरमाळांची खरेदी

"शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स न्हाई, एवढं मला बी कळतंय," म्हणत कैलासने मोबाइलमधला फोटो शुभांगीसमोर धरला. "ह्या घुंगुरमाळा बैलाच्याच हायेत ना? आन बैल कशाचा? शेतीचाच."

शुभांगीने कपाळ चोळलं. भूगावातल्या त्या छोट्याशा गाळ्यात ती लोकांचे टॅक्सचे कागद भरून द्यायची, आणि शेतीची ही सबब कैलासने आल्यापासून चालवली होती.

"काका, बैल शेतीचा. पण माळा तुम्ही संग्रह म्हणून जमवल्या आणि हॉटेलला विकल्या. तुम्ही कितीला घेतल्या ते सांगा, तेवढे वजा करू. उरेल त्या नफ्यावर टॅक्स."

"घेतल्या कुटं? लोकांनी दिल्या."

"मग त्यांनी कितीला घेतल्या होत्या?"

"त्यांच्या आज्यानं घेतल्या आसतील बाजारात. त्याला आता कुटनं आनू विचाराया?"

गोष्ट खरी होती. आसपासच्या गावांत जमिनी बिल्डरकडे गेल्या, गोठ्यांच्या जागी भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, बैल संपले. माळा मोडीत जाऊ नयेत म्हणून कैलास दारोदार फिरला. बैलाची माळ पैशाला द्यायची नाही, असं त्या घरांत चालत आलेलं. घेणाऱ्याने घरच्या बाईच्या हातात खण-नारळ ठेवायचा, की झालं. कैलासने त्या सगळ्या आपल्या पडवीच्या भिंतीवर टांगल्या. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, बाया पुरणपोळी घेऊन तिथे यायच्या आणि आपापल्या माळेला नैवेद्य दाखवायच्या. यंदा धरणाकाठच्या एका हॉटेलवाल्याने ती भिंतच्या भिंत रिकामी करून नेली आणि चेक दिला. सगळा घोळ त्या चेकने केला, असं कैलासचं ठाम मत होतं.

"मग खण-नारळाचं पैसं तरी वजा करा," तो वैतागून म्हणाला.

"पावती आहे?"

"खणाची पावती कोन ठेवतंय, मॅडम?"

"मग ज्यांनी माळा दिल्या त्यांच्याकडून लिहून आणा. पण खरंच पैसे दिले असतील तरच."

शेवटचं वाक्य त्याने ऐकलं आणि तिथेच सोडून दिलं. बाहेर पडून त्याने झेरॉक्सच्या दुकानात एक कागद टाइप करून घेतला आणि गाडी नांदे गावाकडे वळवली.

नांद्याला त्याची चुलती गोजराबाई भाडेकरूंच्या खोल्यांपुढे वाल सोलत बसली होती. कैलासने कागद पुढे केला.

"काकी, हितं सही कर."

"वाच आधी."

त्याने भरभर वाचलं. हौशा बैलाची घुंगुरमाळ मी कैलासला वीस हजारांना विकली, पैसे रोख मिळाले.

तिचे हात थांबले.

"माळ कुटं हाय?"

"हॉटेलात. लई चांगली ठिवलीया, काचंमागं."

"आन बेंदराला मी पोळी कुनाला दावू?"

याचा विचार कैलासने केलाच नव्हता. त्याने कागद आणखी पुढे केला.

"काकी, एवढी सही कर. न्हाईतर टॅक्सवालं मला सोलून काढत्याल."

"इकलीस तू," ती म्हणाली. "आन कागदावर मी इकली व्हय?"

ती रागावलेली दिसत नव्हती, याचाच त्याला जास्त त्रास झाला. वालाचं सूप बाजूला सारून ती आत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात घडीही न मोडलेला हिरवा खण होता. तो तिने त्याच्या मांडीवर ठेवला.

"ह्यो तुजा. नारळ तवाच खाल्ला, त्येला माजा इलाज न्हाई."

मग ती पुन्हा वाल सोलू लागली.

दुसऱ्या दिवशी शुभांगीने विचारलं, "मिळालं का लिहून?"

कैलासने पिशवीतून खण काढून टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"माळेच्या बदल्यात दिल्याला. परत आला."

शुभांगीने फॉर्ममधला खरेदीचा रकाना उघडला.

"खरेदी शून्य धरा," तो म्हणाला.

"मग सगळाच नफा होईल, काका."

"व्हय. सगळाच."

तिने शून्य भरलं आणि कागद सहीसाठी पुढे सरकवला. कैलासने सही केली, उठला, दारापर्यंत गेला.

"काका, खण राहिला तुमचा."

तो मागे आला, पण खण उचलायला त्याचा हात होईना.