दगडातली वाढती शेपटी

शेपटी वाढली होती. गेल्या आठवड्यात ती दगडाच्या कडेपासून चार बोटं अलीकडे संपत होती, आज दोनच बोटं उरली होती, आणि पत्र्याच्या शेडमध्ये खच्चून भरलेल्या तीनशे माणसांनी ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं. पडदा सरकला तसा पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याला हुंदका आवरेना. मागचे टाचा उंचावून बघू लागले. दोरीच्या पलीकडे, टेबलावर उभी केलेली राखाडी लादी होती आणि तिच्यात काळ्या हाडांचा, हातभर लांबीचा प्राणी. चपटं डोकं, आखूड पाय, एकेक मोजून घ्याव्यात अशा बरगड्या. कुणी त्याला पाल म्हणे, कुणी सरडा. शिळाबाबा मात्र त्याला आदिश्वास म्हणायचा.

"हा मेलेला नाही," शिळाबाबानं डोळे मिटून सुरू केलं. "ह्यानं कोटी कोटी वर्षांपूर्वी एक श्वास घेतला आणि अजून सोडलेला नाही. ती ऊर्जा ह्या शिळेत कोंडली आहे. ज्याची छाती कोंडली, त्याची छाती हा मोकळी करील. परदेशातले शास्त्रज्ञ ह्यालाच व्हायब्रेशन म्हणतात."

कुठल्या परदेशातले, कोण शास्त्रज्ञ, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. मग पुड्या वाटल्या गेल्या. शिळेतून खरवडून काढलेलं श्वासभस्म, रोज सकाळी उपाशीपोटी चिमूटभर नाकानं ओढायचं, आणि भस्म चालू असताना दुसरं कुठलंही औषध घ्यायचं नाही, नाहीतर शिळा रुसते. पुड्या फुकट नव्हत्या, हे सांगायला नकोच.

गिऱ्हाईक मात्र त्यानं बरोबर हेरलं होतं. हे गाव पाटीच्या दगडावर जगतं. खाणीतून ठोकळे येतात, कारखान्यात करवतीवर चिरले जातात, छिन्नीनं त्यांचे पातळ थर सोडवले जातात आणि त्या लाद्या कुणाच्या तरी छपरावर नाहीतर जमिनीवर जाऊन बसतात. करवतीची धूळ मात्र गावातच राहते. ती कपड्यांत असते, केसांत असते, आणि दहाएक वर्षांत छातीत जाऊन बसते. जिथे घर तिथे खोकला. असल्या गावात श्वास विकायला बसलेला माणूस मूर्ख नसतो, हरामखोर असतो.

पुढच्या रांगेत उभी असलेली छिन्नी नावाची बाई हेच मनात म्हणत होती. बावीस वर्षं ती कारखान्यात थर सोडवायचं काम करत होती. तिला छिन्नी म्हणायचे ते निम्मं हातातल्या हत्यारामुळे आणि निम्मं जिभेमुळे. तिला पुढे मानाची जागा मिळाली होती ती तिच्या धाकट्या भावामुळे. धाकटा दोरीच्या आत, बाबाच्या उजव्या हाताला उभा होता, कारण शिळेनं त्याला निवडलं होतं.

निवडलं म्हणजे काय झालं होतं, ते ऐका. धाकट्यानं नऊ वर्षं करवतीवर काढली. मग खोकला धरला तो सुटेचना. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. फुप्फुसात धूळ बसली आहे, ती निघायची नाही. त्यावर क्षयानं ठाण मांडलंय, तो मात्र शंभर टक्के बरा होतो, फक्त गोळी एक दिवसही चुकवायची नाही. मुकादमानं त्याला करवतीवरून काढून डागी मालाच्या ढिगावर हलकं काम दिलं. ज्या लादीवर कसला ठसा निघतो ती डागी, ती फेकायची. तिथे ह्याला ही लादी सापडली. आवडली म्हणून त्यानं ती भिंतीला टेकवून ठेवली. त्याच आठवड्यात कारखान्याच्या फाटकावरचा बोर्ड रंगवायला एक पेंटर आला होता. त्यानं लादी मागितली, ह्यानं दिली. महिन्याभरानं पेंटर दाढी वाढवून, पायघोळ झगा घालून परत आला आणि धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, तू दिली नाहीस, तिनं तुला निवडलं.

हे तो लपवत नव्हता, बरं का. उलट छातीठोकपणे सांगायचा की मी साधा पेंटर होतो, ह्या शिळेनं मला बाबा केलं. लोक गहिवरायचे. पेंटरच्या हाती दगड गेला आणि त्यावरची काळी रेघ वाढायला लागली, ह्यात तीनशे माणसांपैकी एकालाही काही खटकलं नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते काय खोटं आहे?

धाकट्यानं अकरा आठवडे गोळ्या नेमानं घेतल्या होत्या. त्या दिवसापासून बंद. भावजयीला पिठाच्या डब्यामागे न फोडलेल्या गोळ्यांची पाकिटं सापडली, ती घेऊन ती रडत नणंदेकडे आली. छिन्नीनं त्याला समजावलं, मग झापलं, मग हात जोडले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तो जे बोलला ते तिच्या काळजात रुतून बसलं.

"ताई, नऊ वर्षं मला कुणी नावानं हाक मारली नाही. करवत नंबर चार म्हणायचे. त्यानं मला निवडलंय. तुला ते बघवत नाही."

असं म्हणून त्यानं चमच्यातली भुकटी नाकाला लावली आणि ओढली. मग पाऊण तास खोकत राहिला. बाबानं त्याला सांगून ठेवलं होतं की जुना श्वास बाहेर पडतोय.

तर त्या दिवशी पुढच्या रांगेतून छिन्नीला शेपटी दिसली तशी आणखीही एक गोष्ट दिसली. लादीच्या कडेला एक खाच होती. छिन्नी ठोकताना हात घसरला की पडते तशी, तिरपी, बोटाच्या पेराएवढी खोल. वाढलेली शेपटी आता त्या खाचेपर्यंत पोचली होती, आणि तिथे न थांबता काळी रेघ खाचेत उतरली होती आणि पलीकडून वर चढली होती. छिन्नी घरी आली तरी ती खाच डोळ्यांपुढून हलेना. दगडात हाड असतं तर हत्याराच्या घावानं ते उडालं असतं. हाड काही खड्ड्यात उतरून पुन्हा वर येत नाही. रंग मात्र येतो.

दोन दिवसांनी भंगारबाई कारखान्यात आली. ती कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची आणि महिन्यातून एकदा डागी ढिगातून ठसे वेचून न्यायची, म्हणून सगळे तिला गमतीनं भंगारबाई म्हणत. तीही हसून ओ द्यायची. ह्या वेळी ती पिशवीतून कापडात गुंडाळलेली लादी काढून प्रत्येक कामगाराला विचारत फिरत होती, हिची जोडी कुणी पाहिली का?

थर सोडवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. ठोकळा वहीसारखा उघडतो. आत काही असेल तर ते दोन्ही पानांवर उमटतं, एकीकडे हाडं, दुसरीकडे त्यांचा साचा. छिन्नीनं लादी हातात घेतली आणि कड बोटानं चाचपली. कडेला तीच तिरपी खाच होती. हा ठोकळा तिनंच उघडला होता, धाकट्याचा छातीचा फोटो आला त्या दिवशी. लक्ष थाऱ्यावर नव्हतं म्हणून हत्यार घसरलं होतं. डागी म्हणून तिनंच दोन्ही पानं फेकली होती. साच्यात शेपटी होती, पण खाचेच्या चांगली सहा बोटं अलीकडे ती तुटून संपली होती. पुढे कोरा दगड.

भंगारबाईनं तिथेच ढिगावर बसून तिला त्या प्राण्याची कुंडली सांगितली. हा तीस कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा चार पायांचे प्राणी पाण्याचा काठ सोडायला शिकले होते, कारण त्यांचं अंडं आतलं पाणी आवरणात धरून ठेवायला लागलं होतं. त्या मूळ घराण्याच्या पुढे दोन शाखा झाल्या. एकीतून सरडे, साप, मगरी आणि पक्षी आले. दुसरीतून आपण. ओळखायचं कसं, तर डोळ्यामागे कवटीला भोकं किती ते बघायचं. तिकडच्या शाखेत पुढे दोन झाली, आपल्या शाखेत एक.

"हा दिसतो पालीसारखा," ती म्हणाली, "पण मला साच्यात एकच भोक दिसतंय. म्हणजे बहुधा आपल्या बाजूचा आहे. हाडांची लादी नीट बघायला मिळाली तर खात्री होईल. असे फार थोडे सापडतात."

छिन्नीनं तिला खाचेत उतरलेली शेपटी सांगितली. भंगारबाईचा चेहरा उतरला, मग तापला. तिनं पिशवीतून छोटी बाटली काढली. नखांवरचा रंग काढतात तेच औषध, म्हणाली, दगड झालेल्या हाडाला त्यानं काही होत नाही.

पुढच्या दर्शनाला शेड आणखी गच्च होती. पडदा सरकला, शेपटी कडेला भिडली होती, हुंदके सुरू झाले. छिन्नी दोरीखालून आत गेली. निवडलेल्याची बहीण म्हणून कुणी अडवलं नाही. तिनं ओच्यातलं पांढरं फडकं बाटलीनं भिजवलं आणि शेपटीच्या टोकावर दाबून एक हात फिरवला. मग फडकं उलगडून लोकांकडे धरलं. ते काळंकुट्ट झालं होतं आणि दगड कोरा. दुसऱ्या कोपऱ्यानं तिनं बरगड्या पुसल्या. बरगड्या तशाच राहिल्या, फडकं पांढरं राहिलं. तिच्या मागोमाग आत आलेल्या भंगारबाईनं आपली लादी शेजारी धरली. जोडीत शेपटी जिथे संपत होती तिथेच आता हीही संपली.

पुढचे लोक दोरीला रेलून दोन्ही लाद्या बघू लागले. पण असली माणसं पडली तरी नाक वरच. शिळाबाबानं शांतपणे स्मित केलं. "भक्तांनो, आम्ही शिळेला सजवतो. सजावट पुसली म्हणून शक्ती पुसली जात नाही. भस्म तर खरं आहे ना? गुण येतोय ना?"

आणि माना हलू लागल्या. होय की, गुण येतोय. छिन्नीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती लोकांशी बोललीच नाही, धाकट्याकडे वळली. आतापर्यंत पोतंभर भुकटी वाटली गेली, ती ह्या लादीतून खरवडली असती तर लादी पापडाएवढी उरली असती, एवढंच ती म्हणाली. आणि मग विचारलं, "तू सांग. पुडीतलं काय आहे ते मला बोटांत धरल्यावर कळलंय. पण माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. तू सांग."

धाकटा दगडाकडे बघत होता. पुसलेल्या जागेवरून त्याची नजर हलत नव्हती. बाबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही, हळूच बाजूला केला.

"करवतीखालची आहे," तो म्हणाला. "मीच रोज झाडून भरून आणतो. बाबा म्हणाले शिळेखाली रात्रभर ठेवली की तिचं भस्म होतं." मग खोकल्याची उबळ आली, ती ओसरल्यावर तो म्हणाला, "नऊ वर्षं जी खाल्ली तीच आहे."

तोच म्हातारा, जो हुंदके देत होता, त्यानं हातातली पुडी उघडून चिमटीत चोळून पाहिली. त्याचीही हयात करवतीवर गेली होती. त्यानं पुडी जमिनीवर टाकली आणि बाबाला अशी शिवी हासडली की ती इथे लिहिता येत नाही. मग जो गोंधळ झाला त्यात बाबा मागच्या दारानं पसार झाला. नंतर कळलं, तीन गावं पलीकडे त्यानं दुसरं दुकान थाटलंय. तिथेही लोक आहेत, तिथेही खोकला आहे.

जाण्याआधी भंगारबाईनं राहिलेल्यांना लादीजवळ बोलावलं. जवळून कवटी स्वच्छ दिसत होती, डोळ्यामागे एकच भोक. तिनं सगळ्यांना कानशिलावर बोट ठेवून दात आवळायला सांगितलं. बोटाखाली काहीतरी फुगतं ना, तो जबड्याचा स्नायू, आणि ह्या भोकामुळे त्याला जागा झाली. खरा चमत्कार पाहायचा तर हा होता, कुणी रंगवायची गरज नसलेला. पन्नासएक माणसं कानशिलावर बोट ठेवून दात आवळत उभी राहिली. धाकटाही.

दुसऱ्या दिवशी छातीच्या दवाखान्यात बाकं पुरेनात. डॉक्टरीणबाई रागानं लाल झाल्या होत्या, पण आवाज चढवला नाही. धाकट्याला त्यांनी एकच विचारलं, गोळ्या किती दिवस बंद होत्या. दहा आठवडे, तो म्हणाला. मध्येच सोडल्यानं जंतू औषधाला सरावले होते. आता पहिल्यापासून सुरुवात, आणि ह्या वेळी औषधं जास्त कडक, जास्त लांब. वर दहा आठवडे ओढलेली नवी धूळ जुनीच्या जोडीला बसली होती. बरा होईन का, असं त्यानं विचारलं. त्या म्हणाल्या, क्षय बरा होईल असं वाटतं. दमाचं मात्र मी वचन देत नाही.

छिन्नी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिला रडू फुटलं, रागानं. बाबावरचा राग होताच, पण तेवढाच नव्हता. तीनशे डोकी होती. निम्म्यांनी करवत चालवलेली, सगळ्यांनी दगड हाताळलेला. एकानंही पुडी चोळून पाहिली नाही.

म्हणून सांगतो, चार शब्द ऐका. कुणी तुम्हाला बरं करायला आला तर त्याला विचारा, हे कशाचं आहे, कुठून आणलं, आणि माझं चालू औषध बंद का करायचं. जो खरा असेल तो उत्तर देईल, कळेपर्यंत पुन्हा देईल. जो विचारण्यावरच चिडेल, किंवा शिळा रुसेल म्हणेल, त्याच्या हातचं काही नाकातोंडाजवळ नेऊ नका. श्रद्धा ठेवायला कुणाची ना नाही, पण आधी हातात घेऊन चोळून बघा. धाकटा आता ते करतो, येईल त्याला सांगतो. दोन वाक्यं बोलला की त्याला थांबावं लागतं, दम गोळा करायला.